उठावाचे प्रतिमान आणि इतिहासाचा पुरावा : उमरठ-कोंडाणा मुलखाच्या संदर्भात

१

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास तानाजी मालुसरे यांच्या नावाने परिचित आहे. तानाजी व शेलारमामा यांच्या समाध्या या गावी आहेत. तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे हे नाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंडाणा घेताना तानाजी पडले, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. त्यांचा देह उमरठास कोणत्या वाटेने आणला, या प्रश्नाला मात्र कागदोपत्री आधार तोकडा आहे. पुणे जिल्ह्यातील केळदच्या पठारावरून महाडच्या बाजूस उतरणाऱ्या घाटाने तो आणला आणि मढे त्या वाटेने गेले म्हणून घाटास मढेघाट हे नाव पडले, अशी परंपरा आहे. सभासदाच्या वृत्तांतात या घाटाचे नाव येत नाही. स्थलनामाची व्युत्पत्ती हा तर मुळातच नाजूक पुरावा होय. नाव आधीचे आणि कथा मागाहूनची, असा प्रकार अनेक ठिकाणी घडलेला आहे.

अशा वेळी अभ्यासक साहजिकच भूगोलाकडे वळतो. कागद बोलत नाही तेथे डोंगराला विचारावे, हा मार्ग योग्यच आहे. पूर्वी यासाठी पायपीट आणि सर्वेक्षण खात्याचे नकाशे ही दोनच साधने हाताशी असत. आता त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. उपग्रहाने अथवा अवकाशयानाने मोजलेल्या उंचींपासून संगणकावर मुलखाचे अंकीय प्रतिमान तयार करावयाचे आणि संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्राकडून लाकडात किंवा घट्ट फोमच्या फळीत ते तासून घ्यावयाचे. टेबलावर ठेवलेला असा सह्याद्री पाहताना विद्यार्थ्यास जे दहा व्याख्यानांनी उमगत नाही ते एका दृष्टिक्षेपात उमगते. परंतु डोळ्यांना पटले म्हणजे पुरावा मिळाला, असे नव्हे. अशा प्रतिमानाची साक्ष कोणत्या प्रश्नापुरती ग्राह्य धरावी आणि कोणत्या प्रश्नापुरती धरू नये, हे ठरविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२

डोंगर लहान करून पाहण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणारे मराठी मूल हेच काम करीत असते. युरोपात या हौसेला राज्यसत्तेचा आश्रय लाभला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारी युद्धमंत्री लूव्वा याने १६६८ मध्ये सरहद्दीवरील तटबंद शहरांची प्रतिमाने करविण्यास प्रारंभ केला; ती बहुतांशी १:६०० या प्रमाणावर होती आणि त्या संग्रहाचा मोठा भाग आजही पॅरिस येथे जतन केलेला आहे. कोंडाण्याच्या स्वारीपूर्वी दोनच वर्षे सुरू झालेला हा उद्योग शिक्षणासाठी नव्हता, वेढ्याच्या आखणीसाठी होता. प्रतिमानाकडे युद्धशास्त्राचे साधन म्हणून पाहण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

समोच्च रेषांचे नकाशे उपलब्ध झाल्यावर पद्धत बदलली. प्रत्येक रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापावयाचा, एकावर एक थर चिकटवावयाचे आणि पायऱ्या प्लास्टरने भरून काढावयाच्या, ही रीत शाळा-महाविद्यालयांतून दीर्घकाळ रूढ होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान म्युनिक येथील कार्ल वेन्शो याने या कामास यंत्राची जोड दिली. नकाशावरील समोच्च रेषेवरून सुई फिरवावयाची आणि तिच्याशी जोडलेल्या पात्याने प्लास्टरच्या ठोकळ्यात तीच रेषा तासावयाची, असे त्याचे स्वरूप होते. येथे प्रथमच डोंगराचा आकार कारागिराच्या बोटांऐवजी पात्याने ठरविला.

पुढचा टप्पा विमानविद्येतून आला. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्र आकारासाठी बिंदूंचे कोष्टक गणनयंत्रावर काढून त्या बिंदूंवर धातू कापीत असत. त्यांच्या कल्पनेतून आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेतील कामातून १९५२ मध्ये अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र प्रत्यक्षात आले. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर बेझिए यांनी रेनो कारखान्यात मोटारीच्या वक्र पृष्ठांचे गणिती वर्णन करून त्यावरून यंत्राने नमुने तासून घेण्याची पद्धत विकसित केली. आकार अगोदर अंकांत आणि मागाहून पदार्थात, हा क्रम तेव्हापासून कायम झाला. सह्याद्रीच्या प्रतिमानाला लागणारे अंक मात्र बऱ्याच उशिरा मिळाले. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या प्रवासात रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्यातील सुमारे ३० मीटर अंतराच्या जाळीची आकडेवारी आपल्या भागासारख्या प्रदेशांकरिता २०१४ नंतर टप्प्याटप्प्याने सर्वांना खुली झाली. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या जोड-छायाचित्रांवरूनही असेच अंकीय प्रतिमान तयार केलेले आहे.

३

कोंडाण्यापासून उमरठपर्यंतचा मुलूख एका प्रतिमानात बसवावयाचा, असे समजू. ही दोन स्थळे सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहेत. सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत कोंडाणा, राजगड व केळद ४७ एफ या विभागात येतात, तर पोलादपूरच्या दक्षिणेकडील खोरी ४७ जी या विभागात. म्हणजे कागदी नकाशावर हा प्रवास सांधा ओलांडून करावा लागतो. ५५ किलोमीटर लांब व ३५ किलोमीटर रुंद अशी चौकट घेतली, तर १:५०,००० या प्रमाणावर ११० सेंटिमीटर लांब व ७० सेंटिमीटर रुंद फळी लागेल. या चौकटीत ३० मीटरच्या जाळीचे सुमारे एकवीस लाख बिंदू पडतात.

संगणकावरील काम साधारणपणे चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत क्यूजीआयएससारख्या नकाशाप्रणालीत आकडेवारी घेऊन हव्या त्या चौकटीपुरती छाटावयाची आणि अक्षांश-रेखांशांच्या अंशांतून मीटरांत आणावयाची. दुसऱ्या पायरीत आकडेवारीतील रिकाम्या जागा भरून, जाळीच्या बिंदूंना त्रिकोणांनी जोडून अखंड पृष्ठ बनवावयाचे. एकवीस लाख बिंदूंचे सुमारे बेचाळीस लाख त्रिकोण होतात आणि संगणकास ते झेपेनासे झाले की प्रणाली त्यांची संख्या कमी करते. तिसऱ्या पायरीत प्रमाण व उभी वाढ ठरवावयाची. चौथ्या पायरीत दुसऱ्या प्रणालीकडून पात्याचा मार्ग काढून घ्यावयाचा : आधी जाड पात्याने ढोबळ तासणी, मग गोल टोकाच्या बारीक पात्याने अखेरची तासणी. हा मार्ग आज्ञांच्या यादीच्या रूपाने यंत्राकडे जातो.

वरकरणी या चारही पायऱ्या तांत्रिक दिसतात. वस्तुतः प्रत्येक पायरीवर एक निवड होते आणि त्या निवडीने डोंगराच्या साक्षीतील काही भाग गळतो अथवा बदलतो. बखरीचा लेखक, तिचा काळ आणि तिची नक्कल करणारा, यांची चौकशी केल्यावाचून आपण बखर वापरीत नाही; तीच चौकशी येथेही करावयास हवी.

४

प्रथम आकडेवारीच्या काळाचा विचार करू. रडारने मोजलेला सह्याद्री हा फेब्रुवारी २००० मधील आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव या गावी दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. जो उतार २००० मध्ये होता तो सर्वत्र आज नाही, आणि १६७० मध्ये तो कसा होता हे आकडेवारी सांगू शकत नाही. शिवाय रडारचे किरण दाट झाडीत जमिनीपर्यंत पुरतेपणी पोहोचत नाहीत. म्हणून रानातील उंचीत झाडांच्या उंचीचाही काही अंश मिसळतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तिरकस पाहणाऱ्या रडारला उभ्या कड्यांच्या आडोशाचा भाग दिसत नाही. डोंगराळ मुलखात अशा जागा आकडेवारीत मूळतः रिकाम्या राहिल्या होत्या. त्या अन्य आकडेवारीने किंवा शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरल्या गेल्या. फाटलेल्या मोडी कागदातील गळलेली अक्षरे संपादकाने कंसात भरावीत, त्यातलाच हा प्रकार. भेद इतकाच की येथे कंस दिसत नाहीत.

दुसरा विचार उभ्या वाढीचा. महाबळेश्वरचे विल्सन पॉइंट हे सुमारे १,४३९ मीटर उंचीचे शिखर १:५०,००० या प्रमाणावर समुद्रसपाटीपासून २.९ सेंटिमीटरही भरत नाही. ११० सेंटिमीटरच्या फळीवर सह्याद्री असा दबलेला दिसला की पाहणाराचे समाधान होत नाही, म्हणून उभे प्रमाण बहुधा दुप्पट करतात. त्याचा परिणाम उतारावर कसा होतो पाहा. प्रत्यक्षात २५ अंशांचा चढ, जो ओझे घेतलेला माणूस नागमोडी वाटेने सहज चढतो, तो प्रतिमानात ४३ अंशांचा होतो. ४५ अंशांचा चढ ६३ अंशांचा होऊन कड्यासारखा भासतो. हे ध्यानात न घेता प्रतिमान पाहणारा विद्यार्थी कोकणातून घाटमाथ्यावर जाण्याच्या वाटा अपवादात्मक आणि अघटित समजू लागतो. त्या तर शतकानुशतके बैलांच्या तांड्यांच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या नित्याच्या होत्या.

तिसरा विचार पात्याचा. आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच सर्वांत निर्णायक आहे. अखेरच्या तासणीसाठी ३ मिलिमीटर व्यासाचे गोल टोकाचे पाते घेतले, तर १:५०,००० प्रमाणावर त्या टोकाची रुंदी जमिनीवरील १५० मीटर भरते. पात्याचा मार्ग काढणाऱ्या प्रणालीचा मूलभूत नियम असा की, पात्याने ठरलेल्या पृष्ठाच्या आत कोठेही घुसू नये. बाहेर आलेल्या आकाराला, म्हणजे धार, सोंड, शिखर यांना, या नियमाने इजा होत नाही. पाते त्यांच्या बाजूंनी फिरून त्यांना नीट मोकळे करते. आत गेलेल्या आकाराची गोष्ट निराळी. घळ पात्याहून अरुंद असली की पाते तिच्या काठांवर टेकते आणि तळाला न शिवता पुढे जाते. दोन्ही काठ ६० अंशांनी उतरणारी घळ घेतली, तर ३ मिलिमीटरचे पाते तिच्या तळाच्या वर ७५ मीटरइतकी भर शिल्लक ठेवते. उभे प्रमाण दुप्पट केल्यास काठ अधिकच उभे होतात आणि ही भर सुमारे ९८ मीटरांवर जाते. म्हणजे डोंगर ठळक दिसावा म्हणून केलेली वाढच घळ बुजविण्यास साहाय्य करते.

बारीक पाते का घेऊ नये, असे कोणी विचारील. १ मिलिमीटरचे पाते घेतल्यास उपरोक्त भर ७५ वरून २५ मीटरांवर येते, हे खरे. परंतु ३ मिलिमीटरचे पाते ०.३ मिलिमीटरच्या अंतराने ओळी पाडीत मिनिटाला दीड मीटर वेगाने चालले, तर अखेरच्या तासणीस सुमारे अठ्ठावीस तास लागतात. १ मिलिमीटरचे पाते ०.१ मिलिमीटरच्या अंतराने त्याच वेगाने चालविल्यास पंच्याऐंशी तास. यंत्राचे भाडे तासावर असते. तेव्हा कोणती घळ राहणार आणि कोणती बुजणार, याचा निर्णय पुष्कळदा विभागाच्या खर्चाच्या मंजुरीवर अवलंबून राहील. ऐतिहासिक साधनाची घडण अशा कारणाने ठरावी, ही गोष्ट नवी नाही. कागद महाग म्हणून नकला संक्षिप्त झाल्या, हे आपण जाणतोच. मात्र ती नोंदविलेली असली पाहिजे.

५

आता हे सर्व सह्याद्रीच्या वाटांना लावून पाहू. कोकणातून वर चढणाऱ्या वाटांना आपल्या लोकांनी दिलेली नावेच त्यांचे स्वरूप सांगतात. काही घाट आहेत; काही नाळा आहेत. नाळ म्हणजे दोन कड्यांमधील चिंचोळी, धोंड्यांनी भरलेली घळ. पावसाळ्यात तीतून पाणी उतरते आणि उरलेल्या ऋतूंत माणूस. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ व सिंगापूरची नाळ ही रायगडच्या परिसरातील प्रसिद्ध उदाहरणे होत. केळदच्या पठारावरूनही मढेघाट आणि उपांड्या घाट अशा दोन वाटा खाली उतरतात. पायवाटेची रुंदी काही हात; आकडेवारीच्या जाळीचे घर ३० मीटरांचे; पात्याचे टोक १५० मीटरांचे. ज्या खाचेच्या आधाराने वाट उतरते ती खाच या दोन चाळण्यांतून पार होऊन प्रतिमानात उतरण्याची शक्यता फारच थोडी. परिणामी प्रतिमानात घाटमाथ्याची भिंत होती त्याहून अधिक अखंड दिसते. ‘येथून वाट असणे शक्य नाही’ हा निष्कर्ष अशा प्रतिमानावरून काढणे म्हणजे पात्याच्या जाडीला इतिहासाचा पुरावा मानणे होय. मढेघाटाच्या परंपरेचे खंडन या मार्गाने होऊ शकत नाही.

तिचे मंडनही होऊ शकत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घळ बुजते हे लक्षात आल्यावर प्रतिमान करणारा एक सोपा उपाय योजतो : संगणकावरील पृष्ठातच नाळ हाताने रुंद व खोल करतो, म्हणजे पाते तीत उतरू शकते. शिकविण्याच्या सोयीसाठी हे क्षम्य आहे. नकाशातही रस्ता प्रमाणाहून रुंद काढतातच. परंतु रुंद केलेली वाट बहुधा परंपरेने सांगितलेली असते. न सांगितलेल्या वाटा बुजलेल्याच राहतात. पुढे दहा वर्षांनी तेच प्रतिमान पाहणारा विद्यार्थी म्हणेल की, या भिंतीतून खाली उतरण्यास ही एकच वाट मोकळी दिसते, तेव्हा परंपरा खरी असली पाहिजे. परंपरा प्रतिमानात कोरावयाची आणि मग प्रतिमानावरून परंपरा सिद्ध करावयाची, असे हे चक्र होईल. बखरीवरून उत्तरकालीन टिपण करावे आणि मग त्या टिपणाला बखरीचा स्वतंत्र दुजोरा मानावा, हा दोष आपल्या संशोधनात वारंवार दाखविला गेलेला आहे. लाकडावर उतरल्याने तो दोष कमी होत नाही.

मग प्रतिमान निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. त्याला योग्य तो प्रश्न विचारला पाहिजे. सभासद सांगतो की, गड हाती येताच वर आग लावण्यात आली आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. कोंडाणा व राजगड यांत सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर अंतर आहे. मधल्या धारा दृष्टीआड येतात की नाही, हा प्रश्न सर्वस्वी बाहेर आलेल्या आकारांचा आहे, आणि ते आकार पाते इमानाने जपते. एवढेच नव्हे, तर उभे प्रमाण दुप्पट वा तिप्पट केले तरी दोन बिंदूंमधील सरळ दृष्टिरेषा मोडत नाही, कारण सर्व उंची एकाच पटीने वाढतात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडणारा फरक या अंतरात सुमारे अठरा मीटरांचा. उंच गडांच्या बाबतीत तो गौण होय. दोन गडांच्या शिखरांना दोरा ताणून विद्यार्थी हा वृत्तांत स्वतः तपासू शकतो. जो सह्याद्री नाळेविषयी मौन पाळतो तोच इशाऱ्याच्या जाळाविषयी विश्वसनीय साक्ष देतो. चौकी-पहारे, गडागडांतील दृष्टिसंबंध, खोऱ्यांची सर्वसाधारण रचना, पाणलोट यांच्या अभ्यासात या साधनाची योग्यता मोठी आहे.

६

या विवेचनावरून एक व्यवहार्य नियम सुचवावासा वाटतो. इतिहास विभागाने करविलेल्या प्रत्येक प्रतिमानाच्या कडेस, हस्तलिखिताच्या सूचीत नोंद असते तशी, पुढील नोंद कायमची कोरलेली असावी : आकडेवारी कोणती व कोणत्या काळाची; जाळीचे अंतर किती; रिकाम्या जागा कशाने भरल्या; आडवे व उभे प्रमाण काय; अखेरच्या पात्याचा व्यास आणि ओळींतील अंतर किती; हाताने केलेले फेरफार कोठे व कोणत्या आधारे. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. त्याचबरोबर मूळ अंकीय प्रतिमान, फेरफाराच्या आधीचे आणि नंतरचे, अशी दोन्ही स्वतंत्र जपावीत. अस्सल आणि नक्कल एका बस्त्यात मिसळू नयेत, हा दप्तरखान्याचा नियम येथेही लागू आहे.

वाटेच्या प्रश्नासाठी मात्र पर्याय एकच उरतो. केळदच्या पठारावरून खाली उतरून, बिरवाडी-महाडच्या बाजूने पोलादपूरकडे, तेथून उमरठच्या खोऱ्यात पायी जावे. वाटेतील टाकी, पायऱ्या, चौक्यांचे अवशेष, वस्त्यांची जुनी नावे टिपावीत. आणि ती टिपणे प्रतिमानाशेजारी ठेवावीत. पात्याने जे बुजविले ते पायांनी शोधावे लागेल. तानाजींचा देह कोणत्या नाळेने वा घाटाने कोकणात उतरला, या प्रश्नाचे उत्तर त्यानंतरही कदाचित अनिर्णित राहील. पण ते पुराव्याच्या अभावी अनिर्णित राहिलेले असेल, पात्याच्या व्यासामुळे नव्हे.